पोर्टेबल व्हेंटिलेटर ‘क्लिनिकली प्रूव्हन’ आहे, म्हणजे नेमके काय?

बार्शी तालुक्यातील वीस खाटांचे एक रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टच्या विश्वस्तांकडून हा प्रश्न आला आहे. त्यांच्याकडे अतिदक्षता विभागाच्या चार खाटा, एक जुना व्हेंटिलेटर आणि एक रुग्णवाहिका आहे. एका चांगल्या आयसीयू व्हेंटिलेटरच्या किमतीत दोन पोर्टेबल व्हेंटिलेटर मिळतील आणि ते खाटेशेजारीही चालतील व गाडीतही चालतील, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. माहितीपत्रकावर यंत्र ‘क्लिनिकली प्रूव्हन’, म्हणजे रुग्णांवर सिद्ध झालेले, असल्याचे ठळक अक्षरांत छापले आहे. या शब्दांमागे कोणता पुरावा असतो, तो कितपत भक्कम आहे आणि त्याच्या भरवशावर आयसीयू व्हेंटिलेटरचा विचार सोडून द्यावा का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सोलापुरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना खाटेवर सांभाळणे आणि गाडीतून हलवणे, ही दोन्ही कामे नित्याची आहेत. आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे. रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी, तसेच ज्याची फुफ्फुसे मुळात धड आहेत पण श्वासाचे स्नायू थकले किंवा लुळे पडले आहेत अशा रुग्णाला काही दिवस श्वास देण्यासाठी, टर्बाइनवर, म्हणजे बाहेरची हवा ओढणाऱ्या आतल्या पंख्यावर, चालणारा चांगला पोर्टेबल व्हेंटिलेटर पुरेसा ठरतो. फुफ्फुसे कडक झालेली असतील किंवा दम्याचा तीव्र झटका असेल, तर यंत्रायंत्रांतला फरक उघड होतो आणि तिथे ‘पोर्टेबल’ या एकाच नावाखाली सगळी यंत्रे मोजणे धोक्याचे आहे. माहितीपत्रकावरच्या ‘क्लिनिकली प्रूव्हन’चे म्हणाल, तर बहुतेक वेळा एखाद्या उपचारपद्धतीचा पुरावा त्या विशिष्ट यंत्राच्या नावावर जमा केलेला असतो.

पोर्टेबल व्हेंटिलेटरच्या कामगिरीवर जे संशोधन झाले आहे, त्यातले बहुतांश रुग्णांवर झालेलेच नाही. ते टेस्ट लंगवर, म्हणजे कृत्रिम फुफ्फुसावर झालेले आहे. या उपकरणात फुफ्फुसाचा कडकपणा आणि श्वासनलिकेतला अडथळा हवा तसा बदलता येतो, आणि व्हेंटिलेटरवर लावलेला आकडा व प्रत्यक्ष पोहोचलेली हवा यांतला फरक मोजता येतो. फ्रान्समधील एका गटाने 2002 मध्ये ‘इंटेन्सिव्ह केअर मेडिसिन’ या नियतकालिकात वाहतुकीसाठीच्या व्हेंटिलेटरांची अशी तुलना प्रसिद्ध केली, 2007 मध्ये ‘रेस्पिरेटरी केअर’मध्ये पंधरा यंत्रांची तुलना आली आणि 2014 मध्ये ‘क्रिटिकल केअर’मध्ये सव्वीस यंत्रांची. तपशील बाजूला ठेवले तर या अभ्यासांचा सूर एकच आहे. निरोगी फुफ्फुसाइतका भार असताना जवळजवळ सगळी यंत्रे आपला आकडा राखतात. भार वाढवला की काही यंत्रे आयसीयू व्हेंटिलेटरच्या अगदी जवळ राहतात आणि काहींची हवा चांगलीच घटते. रुग्णाने स्वतः श्वास ओढला की यंत्राने किती लवकर साथ द्यावी, म्हणजे ट्रिगर, त्यातही मोठी तफावत आढळली. टर्बाइनची नवी यंत्रे या कसोट्यांवर एकंदरीत जुन्या, ऑक्सिजनच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांपेक्षा सरस ठरली आहेत.

त्या जुन्या न्यूमॅटिक यंत्रांविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण जिल्ह्यातल्या बऱ्याच गाड्यांत ती अजूनही आहेत आणि वापरलेली यंत्रे स्वस्तात विकायलाही येतात. त्यांच्यावर बहुधा ‘एअर मिक्स’ आणि ‘नो एअर मिक्स’ अशी दोनच स्थाने असतात. एअर मिक्सवर सिलिंडरमधला ऑक्सिजन एका अरुंद तोंडातून जोराने बाहेर पडतो आणि जाताना खोलीतली हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. फुफ्फुस कडक झाले आणि पुढचा दाब वाढला की ही ओढ मंदावते. त्यामुळे रुग्णाला मिळणारी हवा कमी होते आणि तिच्यातले ऑक्सिजनचे प्रमाण मात्र वाढते. याचा परिणाम फसवा असतो. बोटावरचे सॅच्युरेशन चांगले दिसते, नातेवाईक निश्चिंत होतात आणि रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत राहतो. कॅप्नोग्राफ, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र, लावलेला नसेल तर हे मुक्कामी पोहोचून एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी, काढेपर्यंत कळत नाही.

टेस्ट लंगवरचा पुरावा कमी प्रतीचा, असे मी मानत नाही. यंत्र यंत्र म्हणून कसे आहे हे त्यातूनच सर्वांत स्वच्छ कळते. मात्र कृत्रिम फुफ्फुसाला खोकला येत नाही, त्याच्या नळीत कफ अडकत नाही आणि ते स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना नळीला हिसका बसत नाही. त्यामुळे त्या अभ्यासांतून यंत्राची ताकद समजते, रुग्णाचे पुढे काय होते ते समजत नाही. दुसरे असे की, या अभ्यासांतली बरीच यंत्रे बाजारातून गेली आहेत आणि तुम्हाला दाखवलेले मॉडेल त्यांत नसण्याचीच शक्यता जास्त आहे. एका कंपनीचे जुने मॉडेल चांगले ठरले म्हणून तिचे नवे मॉडेलही चांगलेच असेल, हा निष्कर्ष विक्रेता काढतो. अभ्यासातून तो निघत नाही.

आता रुग्णांवरच्या पुराव्याकडे येऊ. इथे तुलना प्रामुख्याने हाताने दाबून श्वास द्यायची ॲम्बू बॅग आणि यंत्र यांच्यात झाली आहे. 1987 मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, रुग्णालयातल्या रुग्णालयात हलवताना हाताने बॅग दाबलेल्या अनेक रुग्णांच्या रक्तातले कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता लक्षणीय हलल्याचे आणि त्याच्या जोडीने काहींचा रक्तदाब घसरल्याचे किंवा हृदयाचे ठोके बिघडल्याचे दिसले. दोनच वर्षांनी ‘चेस्ट’मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, अनुभवी माणसाने आणि आधीचे श्वासाचे प्रमाण लक्षात ठेवून बॅग दाबली तर असा बिघाड होत नाही, असेही दिसले. दोन्ही अभ्यास छोटे आहेत. दोन्ही खरे मानायला मला अडचण वाटत नाही, कारण शांत खोलीत पंधरा मिनिटे बॅग दाबणारा अनुभवी हात आणि मोहोळच्या पुढे गाडीत उभ्याने दीड तास बॅग दाबणारा हात हे वेगळेच असतात. घाबरलेला माणूस बॅग जलद दाबतो. हृदय बंद पडलेल्या रुग्णांना पुनरुज्जीवन देताना प्रशिक्षित पथकेही मिनिटाला सरासरी तीस श्वास देत असल्याचे 2004 मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात आढळले होते, अपेक्षित वेग त्याच्या निम्म्याहून कमी होता. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात हा अतिवेग मेंदूचा रक्तपुरवठा कमी करतो. यंत्राचा सर्वांत भरवशाचा फायदा इथे आहे: ते थकत नाही, घाबरत नाही आणि एक माणूस मोकळा करते.

तरीही यंत्र लावले म्हणजे प्रवास सुरक्षित झाला, असे पुरावा म्हणत नाही. फ्रान्समध्ये झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या 262 स्थलांतरांचा मागोवा घेतला गेला. तोही रुग्णालयाच्या आतल्या आत, प्रशिक्षित पथकाबरोबर. त्यांपैकी 45.8 टक्के स्थलांतरांत काही ना काही प्रतिकूल घटना घडली. ज्यांना आधीपासून जास्त पीप लागत होता, म्हणजे श्वास सोडून झाल्यावरही फुफ्फुसात राखायचा दाब ज्यांचा जास्त होता, त्यांच्यात धोका अधिक होता. हे रुग्ण एका यंत्रावरून दुसऱ्यावर घेताना नळी क्षणभर सुटली तरी उघडलेले फुफ्फुस पुन्हा मिटते. म्हणून अशा रुग्णाची नळी चिमट्याने दाबून मगच यंत्र बदलावे, आणि नवे यंत्र आधी सुरू करून सेटिंग लावून तयार ठेवावे. माहितीपत्रकात हे लिहिलेले नसते.

‘क्लिनिकली प्रूव्हन’ म्हणून ज्या अभ्यासांचा हवाला दिला जातो, ते बहुधा मास्कवरच्या उपचाराचे, म्हणजे घशात नळी न घालता मास्कमधून दाबाने हवा देण्याचे, असतात. ब्रिटनमधील 26 रुग्णालयांत 1,069 रुग्णांवर झालेली आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी घ्या. हृदयाच्या त्रासाने फुफ्फुसात पाणी भरलेल्या या रुग्णांचा दम मास्कच्या दाबाने लवकर हलका झाला, पण सात दिवसांच्या मृत्युदरात फरक पडला नाही. नुसत्या ऑक्सिजनवर 9.8 टक्के आणि मास्कवर 9.5 टक्के. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या दीर्घ आजाराच्या, ज्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड कायमचे वाढलेले असते, त्यांना घरी रात्री यंत्र दिल्यास काय होते, यावर जर्मनी आणि ऑस्ट्रियातील 195 रुग्णांची चाचणी 2014 मध्ये आली. वर्षभरातला मृत्युदर 33 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आला होता. 2017 मध्ये आलेल्या ब्रिटनमधील 116 रुग्णांच्या चाचणीत घरच्या ऑक्सिजनला यंत्राची जोड दिल्यावर पुन्हा भरती होण्याचा किंवा मृत्यूचा मध्यक कालावधी 1.4 महिन्यांवरून 4.3 महिन्यांवर गेला. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मोटर न्यूरॉन आजारातही, घशाचे स्नायू फारसे बिघडलेले नसतील तर, मास्कवरच्या यंत्राने आयुष्य मध्यकाने 205 दिवसांनी वाढल्याचे 2006 च्या छोट्या चाचणीत दिसले. हे सगळे पुरावे चांगले आहेत, पण योग्य रुग्ण निवडून, पुरेसा दाब लावून, मास्क नीट बसवून दिलेल्या उपचाराचे आहेत. त्या चाचण्यांतल्या यंत्रासारखे दिसणारे दुसरे यंत्र विकत घेतले म्हणून तो निकाल विकत मिळत नाही, आणि श्वासनलिकेत नळी घातलेल्या अत्यवस्थ रुग्णाला तर हे निकाल लागूच होत नाहीत.

नळी घातलेल्या रुग्णाविषयी सर्वांत वजनदार पुरावा 2000 सालचा आहे. अमेरिकेतील 861 रुग्णांच्या चाचणीत, फुफ्फुसे कडक झालेल्यांना उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे 12 मिलिलिटरऐवजी 6 मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्युदर 39.8 वरून 31 टक्क्यांवर आला. पुढे 2017 मध्ये एका आधी-नंतरच्या तुलनेत, आपत्कालीन विभागातल्या पहिल्या काही तासांतच अशी सावध सेटिंग लावल्यावर फुफ्फुसाच्या गुंतागुंती 14.5 वरून 7.4 टक्क्यांवर आल्याचे दिसले. म्हणजे रुग्ण आयसीयूत पोहोचेपर्यंतचे तासही मोजले जातात, आणि ते तास बहुधा पोर्टेबल यंत्रावर जातात.

हे आपल्याकडच्या रुग्णावर उतरवून पाहा. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईचे सूत्राने निघणारे वजन सुमारे 43 किलो येते. तिला एका श्वासाला साधारण 260 मिलिलिटर हवा हवी. यंत्र सुरू होताच पडद्यावर 500 येत असेल आणि घाईत ते तसेच राहिले, तर तिला किलोमागे साडेअकरा मिलिलिटर मिळत राहतील, म्हणजे त्या चाचणीतल्या वाईट गटाइतके. आता उलट बाजू. व्हेंटिलेटरच्या नळ्याही दाबाने थोड्या फुगतात. दर सेंटिमीटर दाबामागे (हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात) नळी दोन मिलिलिटर गिळत असेल आणि श्वासाचा दाब पीपच्या वर 25 असेल, तर 50 मिलिलिटर नळीतच राहतात. पडद्यावर 260 आणि फुफ्फुसात 210. त्यात तोंडाशी लावलेला फिल्टर आणि लवचिक जोडनळी मिळून साठ-सत्तर मिलिलिटरची जागा अशी, जिथली हवा नुसती ये-जा करते. अंगाने मोठ्या माणसात हे खपून जाते, बुटक्या किंवा हडकुळ्या रुग्णात खपत नाही. म्हणून यंत्र नळीची भरपाई स्वतः करते का, किंवा हवेचे माप रुग्णाच्या तोंडाशी घेते का, हा प्रश्न मी किमतीच्या आधी विचारतो.

आता तुमच्याकडे कोणते रुग्ण येतात ते पाहू, कारण माझ्या मते निर्णय तिथे होतो. बार्शी, माढा, करमाळा या भागातून व्हेंटिलेटर लागणारे दोन प्रकारचे रुग्ण हमखास येतात: मण्यार किंवा नाग चावलेले, आणि कीटकनाशक प्यायलेले. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, पापण्या मिटतात, श्वास बंद पडतो, पण फुफ्फुस निरोगी असते. प्रतिविष द्यायचेच, मात्र मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांना एकदा इजा केली की ती भरून यायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस कोणीतरी बिनचूक श्वास देत राहावे लागते. हा भार टेस्ट लंगवरच्या सर्वांत सोप्या कसोटीइतका आहे. चांगला पोर्टेबल व्हेंटिलेटर तो आरामात पेलतो. माझे मत स्पष्ट आहे की असा रुग्ण यंत्राअभावी बॅग दाबत सोलापूरपर्यंत आणण्यापेक्षा तुमच्याकडेच पोर्टेबलवर स्थिर करून मग आणावा.

कीटकनाशकाच्या विषबाधेत स्नायूंचा अशक्तपणा तर असतोच, शिवाय एक ते चार दिवसांच्या आत, रुग्ण सुधारतोय असे वाटत असताना, मान उचलता न येणे आणि श्वास तोकडा पडणे अशी दुसरी लाटही येऊ शकते. फरक इतकाच की इथे फुफ्फुसात स्राव भरपूर असतात. हे स्राव तोंडाशी लावलेला फिल्टर भिजवतात, प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरवर बसतात आणि श्वास सोडण्याचा व्हॉल्व्ह चिकटवतात. मग यंत्र ‘हाय प्रेशर’ म्हणून ओरडू लागते आणि अलार्मचा आवाज बंद करून टाकण्याकडे हात जातो. आधी फिल्टर काढून हातात घेऊन पाहावा. ओला आणि जड लागला तर दोष तिथेच असतो. अशा रुग्णासाठी जादा फिल्टर आणि श्वास सोडण्याचा जादा (एक्सपिरेटरी) व्हॉल्व्ह कपाटात नसतील, तर यंत्रामागचा सारा पुरावा दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरतो.

तीव्र न्यूमोनियाने कडक झालेली फुफ्फुसे आणि दम्याचा बेफाम झटका हे मात्र वेगळे. कडक फुफ्फुसाला जास्त पीप, जास्त ऑक्सिजन आणि वेगाने येणारा प्रवाह लागतो. दम्यात हवा आत ढकलण्यापेक्षा ती बाहेर पडायला वेळ देणे महत्त्वाचे असते आणि आत अडकून राहिलेला दाब मोजता यावा लागतो. चांगल्या पोर्टेबल यंत्रांत या सोयी असतात, स्वस्तातल्या बऱ्याच यंत्रांत नसतात. दिवसेंदिवस, आठवडे अशा रुग्णांना पोर्टेबलवर ठेवल्यास आयसीयू व्हेंटिलेटरइतकाच निकाल लागतो असे दाखवणारी मोठी तुलनात्मक चाचणी माझ्या हाती नाही. मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या एकनळीच्या बायपॅप यंत्राचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण कोविडच्या काळात तेही ‘पोर्टेबल व्हेंटिलेटर’ म्हणून विकले गेले. ते मास्कवर उत्तम काम करते. पण त्यात श्वास बाहेर पडतो तो नळीवरच्या बारीक छिद्रांतून. सोडतानाचा दाब चारच्या खाली ठेवला किंवा छिद्रांवर पांघरूण आले, तर रुग्ण आपलीच हवा पुन्हा घेत राहतो. बाजूने सोडलेल्या ऑक्सिजनचे नेमके प्रमाणही त्यात कळत नाही. ते अत्यवस्थ, नळी घातलेल्या रुग्णासाठी घेऊ नये.

ऑक्सिजनचे गणित कोणताही विक्रेता आपणहून मांडत नाही, म्हणून ते इथे देतो. रुग्ण मिनिटाला आठ लिटर हवा घेत असेल आणि शंभर टक्के ऑक्सिजन लागत असेल, तर आठ लिटर तिथेच गेले. वर यंत्र नळीतून सतत सोडत असलेला प्रवाह पाच लिटर धरला तर मिनिटाला तेरा. बी टाइप सिलिंडरची पाण्याची क्षमता दहा लिटर असते, म्हणून गेजवर 150 बार असेल तर आत 1,500 लिटर वायू आहे आणि 100 बार असेल तर 1,000. बार्शी ते सोलापूर सत्तर किलोमीटर, चढवणे-उतरवणे धरून दीड तास. खर्च 1,170 लिटर. भरलेला एक बी टाइप जेमतेम पुरतो, म्हणजे वाटेत टायर फुटला तर पुरत नाही. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर. पाच तासांचे 3,900 लिटर, त्यावर निम्मी राखीव धरली तर 5,850. यासाठी चार भरलेले बी टाइप किंवा सात हजार लिटरचा एक डी टाइप लागतो. तोच रुग्ण साठ टक्क्यांवर स्थिर असेल तर टर्बाइनचे यंत्र उरलेली हवा बाहेरून घेते आणि खर्च साधारण निम्म्यावर येतो. रुग्णाला न लागणारा शंभर टक्के ऑक्सिजन ‘सुरक्षित बाजू’ म्हणून चालू ठेवणे हे वाटेत सिलिंडर संपण्याचे नेहमीचे कारण आहे. 2014 पासून सुरू असलेल्या 108 च्या मोठ्या गाड्यांत डॉक्टर आणि व्हेंटिलेटर असतो, तरी निघण्यापूर्वी गेज स्वतः पाहण्याची सवय ठेवावी.

उन्हाचेही तसेच आहे. बऱ्याच यंत्रांच्या पुस्तिकेत वापराचे कमाल तापमान 40 अंश दिलेले असते. सोलापूरचा मे महिना त्याच्या वर जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आतला पारा तर त्याहूनही वर. बॅटरी तापली की अनेक यंत्रे चार्जिंग थांबवतात. रात्रभर लावून ठेवलेले यंत्र भरलेलेच असेल, असे दुपारी गृहीत धरता येत नाही. बॅटरीचे छापील तास कंपनीने निवडलेल्या सौम्य सेटिंगवरचे असतात. पीप दहा आणि वेग चोवीस लावला की टर्बाइन जास्त वीज खाते आणि तास घटतात. उंचीचा प्रश्न मात्र आपल्याला नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि तेवढ्याने मापात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही.

परवान्याविषयी थोडक्यात. व्हेंटिलेटर हे वैद्यकीय उपकरण नियम 2017 नुसार क वर्गात, इंग्रजी अक्षराने ‘सी’ वर्गात, येते आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून या वर्गाला परवाना सक्तीचा आहे. आयएसओ 80601 या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेत 2-12 हा भाग आयसीयूच्या यंत्रांचा, 2-84 रुग्णवाहिकेतल्या यंत्रांचा आणि 2-72 घरी यंत्रावर अवलंबून असलेल्या रुग्णांसाठीच्या यंत्रांचा आहे. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर यांपैकी कोणता आकडा आहे, एवढे पाहिले तरी यंत्र मुळात कशासाठी बनवले आहे ते कळते. परवाना आणि मानक यांमुळे किमान सुरक्षितता मिळते. रुग्ण वाचण्याविषयी ते काहीच सांगत नाहीत. नावाजलेल्या कंपनीच्या यंत्रातही दोष निघू शकतो. फिलिप्सने जून 2021 मध्ये आवाज कमी करणाऱ्या फोमच्या दोषामुळे बायपॅप आणि पोर्टेबल व्हेंटिलेटरांची काही मॉडेल जगभरातून परत बोलावली होती. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर पीएम केअर्समधून आलेल्या व्हेंटिलेटरांचा प्रश्न आला, तेव्हा दोष यंत्रांत होता की वापरात आणि ऑक्सिजनच्या जोडणीत, यावरच वाद झाला. माझ्या अनुभवात अशा वादात दोन्ही बाजूंकडे थोडेफार तथ्य असते: ऑक्सिजन सेन्सर हा संपणारा सुटा भाग आहे हे खरेदी करणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते, आणि लाइनचा दाब घसरला तर यंत्र लावलेले प्रमाण देऊ शकत नाही, हे वापरणाऱ्याला माहीत नसते.

खरेदीपूर्वीचे प्रात्यक्षिक नेहमी मऊ रबरी पिशवीवर होते आणि त्यावर कोणतेही यंत्र झकास चालते. तुम्ही त्या पिशवीला दोन-तीन घट्ट रबरबँड गुंडाळायला सांगा, मध्ये लहान मुलांची तीन नंबरची ईटी ट्यूब, म्हणजे श्वासनलिकेत घालायची नळी, जोडायला सांगा, आणि मग 260 मिलिलिटर, वेग चोवीस, पीप दहा लावायला सांगा. प्रवाहमापक मधे असेल तर प्रत्यक्ष पोहोचलेली हवा वाचा. लावलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक घट दिसली तर कारण विचारा. नंतर ऑक्सिजनची नळी काढा, मग वीज काढा, मग रुग्णाकडचे टोक मोकळे सोडा, आणि प्रत्येक वेळी अलार्म किती सेकंदांत आणि कशा शब्दांत येतो ते तुमच्या रात्रपाळीच्या सिस्टरना वाचायला लावा. त्यांना तो कळला नाही, तर प्रतिनिधीला कळून उपयोग नाही. 2016 मध्ये अशा तेरा यंत्रांच्या हाताळणीचाच स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाला होता, यावरून हा मुद्दा किती गंभीरपणे घेतला जातो ते लक्षात येईल. बॅटरीची परीक्षा याच सेटिंगवर, यंत्र बंद पडेपर्यंत, घड्याळ लावून करावी. प्रतिनिधी घाईत असेल तर यंत्र एक दिवस ठेवून जायला सांगावे.

तुमच्या रुग्णालयासाठी माझा सल्ला असा राहील. दोन पोर्टेबल घेण्याऐवजी, नळीची भरपाई करणारा, ऑक्सिजनचे प्रमाण नेमके लावता येणारा आणि रुग्णवाहिकेच्या मानकाचा एक चांगला टर्बाइन व्हेंटिलेटर घ्यावा. तो सर्पदंशाच्या आणि विषबाधेच्या रुग्णाला खाटेवरही चालेल आणि गाडीतही चालेल. उरलेल्या पैशांतून एक कॅप्नोग्राफ, मास्कच्या उपचारासाठी एक साधे बायपॅप, चार बी टाइप सिलिंडर आणि वर्षभराचे फिल्टर, व्हॉल्व्ह व सेन्सर घ्यावेत. जुना व्हेंटिलेटर दुरुस्त होत असेल तर तो भंगारात काढू नये. कडक फुफ्फुसाचा रुग्ण आला तर त्याला पोर्टेबलवर स्थिर करून, सोलापूरच्या सिव्हिलला किंवा जिथे खाट असेल तिथे आधी फोन करून, पहिल्या काही तासांतच हलवावे. दरपत्रक मागवताना यंत्राच्या किमतीबरोबर पाच वर्षांच्या सुट्या भागांची किंमत आणि दुरुस्तीचा माणूस किती तासांत बार्शीत पोहोचेल, हे दोन्ही लेखी मागवावे. दोन कंपन्यांची यंत्रे सारखीच वाटली तर मी या दुसऱ्या आकड्यावर निवड करतो.